म्युच्युअल झाला, सह्या झाल्या, आता कळतंय की फसलो: हुकूमनामा पुन्हा उघडता येतो का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ठाण्यात मानपाड्याला राहतात. लग्न तेरा वर्षांचं, मुलगी अकरा वर्षांची. १४ महिन्यांपूर्वी ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. त्यांनी एकरकमी १२ लाख घेतले, घोडबंदर रोडवरच्या दोघांच्या नावावरच्या फ्लॅटवरचा हक्क सोडला आणि ‘स्वतःसाठी किंवा मुलीसाठी भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही’ असं लिहून दिलं. वकील दोघांचा मिळून एकच होता, तोही नवऱ्यानं आणलेला. आता एका नातेवाइकाकडून कळलंय की संसार चालू असतानाच नवऱ्यानं खारघरला दुसरा फ्लॅट घेतला होता. त्या विचारतात, हे सगळं रद्द करून पहिल्यापासून सुरुवात करता येईल का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. सगळं रद्द करून पहिल्यापासून सुरुवात, असं क्वचितच होतं. तुमच्या बाबतीत तर ते मागूही नये असं माझं मत आहे. तुम्ही सह्या केलेल्या त्या सहा-सात पानांत पाच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: घटस्फोट, तुमची पोटगी, मुलीचा खर्च, फ्लॅट आणि दागिने. गाठोडं सोडलं की दिसतं, प्रत्येक गोष्टीचा रस्ता वेगळा आहे.

मी बावीस वर्षं ठाण्यात वकील म्हणून हीच कामं करते. कोर्ट नाक्याजवळच्या माझ्या ऑफिसात येणारा जवळपास प्रत्येक जण ‘माझ्यावर अन्याय झाला’ इथून सुरुवात करतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण सौदा वाईट झाला एवढ्यावर कोर्ट हुकूमनाम्याला, म्हणजे स्वतःच्या अंतिम आदेशाला, हात लावत नाही. कोर्ट तीन गोष्टी विचारतं. संमती कशी मिळवली? खोटं काय सांगितलं? आणि तुम्ही जे सोडलं ते सोडायचा तुम्हाला अधिकार होता का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे.

मुलीचा खर्च सोडून द्यायचा तुम्हाला अधिकारच नव्हता. तो हक्क तिचा आहे, तुमचा नाही. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार मुलांना सांभाळायची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे, आणि ती एकमेकांना लिहून देऊन संपत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ तर सांगतं की मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण यांबद्दल कोर्ट हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी आदेश देऊ शकतं आणि आधीचे बदलू शकतं. म्हणजे तुमच्या कन्सेंट टर्म्समधलं (तुम्ही सह्या केलेल्या तडजोडीच्या अटींमधलं) ‘मुलीसाठी मागणी करणार नाही’ हे वाक्य मुलीच्या आड येत नाही. अशी वाक्यं मसुद्यात सर्रास घातली जातात. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं की ती टिकणार नाहीत, पण वाचणारी घाबरते आणि वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढत नाही. वाक्याचं काम तेवढंच.

मुलीसाठी दोन रस्ते आहेत. एक हा कलम २६ चा, ज्या कोर्टानं घटस्फोट दिला तिथेच. दुसरा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा. हे म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, पण कोर्टाच्या जिन्यात अजून सगळे ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. वडील पगारदार असतील, पत्ता आणि नोकरी पक्की असेल तर मी कलम २६ घेते. माणूस नोकऱ्या बदलणारा, हातावर तुरी देणारा असेल तर १४४, कारण तिथे थकबाकीसाठी वॉरंट निघतं आणि पैसे दिले नाहीत तर महिन्याभरापर्यंत कैद होऊ शकते. मात्र त्या वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ‘साचू दे, एकदम मागू’ असं म्हणत बसलेल्यांची जुनी थकबाकी तशीच हातची गेलेली मी पाहिली आहे.

मुलीच्या अर्जात एक फायदा आहे जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यायला लावलं. पगार, बँक खाती, शेअर, म्युच्युअल फंड, घरं, कर्जं, क्रेडिट कार्ड, सगळं. म्हणजे मुलीच्या खर्चाचा अर्ज दाखल झाला की तुमच्या माजी नवऱ्याला शपथेवर लिहावं लागेल की खारघरला फ्लॅट आहे की नाही. ‘आहे’ लिहिलं तर तो केव्हा घेतला ते त्याच्याच सहीनिशी तुमच्या हातात येईल. ‘नाही’ लिहिलं आणि तो निघाला, तर खोट्या शपथपत्राबद्दल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज करता येतो. म्हणून असं प्रकरण आलं की मी मुलीच्या अर्जापासून सुरुवात करते. शिवाय त्याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. तुम्ही विचार करण्यात घालवलेला प्रत्येक महिना मुलीच्या खात्यातून वजा होतो. १४ महिने गेलेच आहेत.

मुलीबद्दल अजून एक. ‘मुलीचा वडिलांच्या मालमत्तेत हक्क राहणार नाही’ असंही एखादं कलम टर्म्समध्ये आहे का बघा. असेल तर त्यानं रात्रीची झोप घालवू नका. आईवडिलांच्या घटस्फोटानं मुलगी वारस असायची थांबत नाही. वडील स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्रानं दुसऱ्याला देऊ शकतात, तो त्यांचा अधिकार वेगळा. पण आईच्या सहीनं मुलीचा वारसा पुसला जात नाही.

आता खारघरचा फ्लॅट. इथे मला तुमचा एक गैरसमज आधी दूर करायचा आहे, कारण तुम्ही ‘माझा अर्धा हिस्सा’ असा शब्द वापरला आहे. नवऱ्यानं लग्नानंतर, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या घरात बायकोचा आपोआप अर्धा हिस्सा असतो असा कायदा आपल्याकडे नाही. तसं काही आणायचं विधेयक होतं. २०१० चं ते विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभेत अडकून संपलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ते अजून ‘नवीन कायदा’ म्हणून फिरतंय. तेव्हा तो फ्लॅट लपवला नसता तर तुम्हाला अर्धा मिळाला असता, असं नाही. पण नवऱ्याची ऐपत तुम्हाला दाखवली त्यापेक्षा मोठी होती हे कळलं असतं, आणि तुम्ही १२ लाखांवर सही केली नसती. मुद्दा हाच, आणि अर्जात तो असाच मांडायचा.

मग लपवणं म्हणजे फसवणूक झाली का? इथे आमच्यातलेही घाईनं ‘फ्रॉड, फ्रॉड’ करतात आणि तोंडावर पडतात. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही, बोलणं कर्तव्य असेल तरच ती फसवणूक. त्यामुळे तुमची फाईल हातात आली की मी पहिल्यांदा दोन गोष्टी शोधेन. पहिली, म्युच्युअलच्या अर्जासोबत नवऱ्यानं मालमत्तेचं शपथपत्र दिलं होतं का. बऱ्याच म्युच्युअलच्या प्रकरणांत ते दिलंच जात नाही. सगळं ठरलंय तर कशाला, म्हणून एक पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन मोकळे होतात. दुसरी, टर्म्समध्ये ‘उभय पक्षांनी आपल्या मिळकतीची संपूर्ण माहिती एकमेकांस दिली आहे’ असं वाक्य आहे का. ते असेल तर तुमचं नशीब, कारण मग नवरा गप्प राहिला नाही, त्यानं कोर्टासमोर खोटं लिहून दिलं. आणि त्याच्या उलट वाक्य असेल, ‘एकमेकांच्या ज्ञात-अज्ञात मिळकतीवर कोणताही दावा राहिलेला नाही’, तर वाट चढणीची आहे. ‘अज्ञात’ हा एक शब्द मसुद्यात घालण्यासाठी काही वकील खास फी घेत असावेत असं मला कधीकधी वाटतं. मात्र तो शब्द असला तरी, सही करण्याआधी तुम्ही विचारलं होतं आणि त्यानं खोटं सांगितलं होतं याचा पुरावा असेल तर बोलण्यासारखं आहे. जुने मेसेज चाळा. ‘माझ्याकडे या फ्लॅटशिवाय काही नाही, कर्जात बुडालोय’ असं तो कुठे लिहून बसला आहे का बघा. असेल तर तो फोन बदलू नका, विकू नका, फॉरमॅट करू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून तो पुरावा कोर्टात येतो, आणि मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं.

फ्लॅटचा कागद काढायला गुप्तहेर लागत नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा, गाव आणि मालमत्तेचा क्रमांक किंवा नाव टाकलं की इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, दिसतो. खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात येतं. ठाण्यात शोधत बसाल तर काही सापडणार नाही; माझ्या एका ज्युनिअरनं असाच एक आख्खा दिवस घालवला होता. इंडेक्स टूवर करारनाम्याची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन वेगळ्या तारखा असतात. दोन्ही बघा. घटस्फोटाचा अर्ज दाखल करण्याआधीची असेल तर तुमचं म्हणणं खरं. घटस्फोटानंतरची असेल तर तो त्याचा नवा संसार, त्यात आपल्याला काही करता येणार नाही. अर्ज आणि घटस्फोट यांच्या मधली असेल तर पैसे कुठून आले हा प्रश्न उरतो. बुकिंगची रक्कम तुमच्या जॉइंट खात्यातून गेली का, हे जुन्या स्टेटमेंटवर कळेल. आणि नातेवाइकानं तुम्हाला हे कधी सांगितलं तो मेसेज जपून ठेवा. मुदतीच्या कायद्यात कलम १७ असं आहे की फसवणूक लपवलेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजतात. अशा अर्जांना साधारण तीन वर्षांची मुदत धरतात, पण ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असं समजू नका. कळूनही वर्षभर गप्प बसलेल्या माणसाकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेनं बघतात.

फसवणुकीचा हा अर्ज कुठे करायचा? लोक म्हणतात हायकोर्टात अपील करू. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९(२) नुसार उभय संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. वेगळा दावा लावून तडजोड रद्द मागायचीही सोय नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३-अ नं ती वाट बंद केली आहे. उरतं ते एकच: ज्या कोर्टानं तडजोड नोंदवली त्याच कोर्टात अर्ज करून सांगायचं की ही तडजोड कायदेशीर नव्हती, संमती फसवून किंवा दबावानं घेतली होती. २००६ मध्ये पुष्पादेवी भगत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. काही जण अपिलाचा युक्तिवाद करतात की मुळात संमतीच नव्हती, मग संमतीचा हुकूमनामा कसा. युक्तिवाद चुकीचा नाही, पण त्यात वर्षं जातात. मी आधी त्याच कोर्टात जाते.

दबावाबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘सासरच्यांनी मानसिक छळ केला, म्हणून सही केली.’ मी विश्वास ठेवते. कोर्ट मात्र रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, काढून बघेल. त्या दिवशी न्यायाधीशांनी तुम्हाला विचारलं असणार की स्वखुशीनं करताय का, कोणाचा दबाव आहे का, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणाला असणार. सगळ्याच म्हणतात. बाहेर व्हरांड्यात सासरे उभे असतात, आत काय बोलणार. पण नोंद ‘नाही’ची झालेली असते, आणि शिवाय बऱ्याचदा सहा महिन्यांच्या अंतरानं दुसऱ्यांदा विचारलेलं असतं. म्हणून नुसता दबाव पुरत नाही. तारीखवार काहीतरी लागतं: त्या आठवड्यातली पोलीस तक्रार, मुलीला भेटू दिलं नाही याचे मेसेज, डॉक्टरचे कागद. एकच वकील होता हेही सांगा, तो मुद्दा परिस्थितीला वजन देतो. त्या वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते, पण त्यानं तुमचा हुकूमनामा उघडत नाही. राग काढायचा असेल तर ती तक्रार करा, पैसे हवे असतील तर आधी अर्ज करा.

आणि हो, अर्ज करताना कोर्ट विचारेलच, ते १२ लाख कुठे आहेत? घेतलेलं ठेवायचं आणि दिलेलं परत मागायचं, हे चालत नाही. म्हणून मी अर्जातच लिहिते की मिळालेली रक्कम नव्यानं ठरणाऱ्या रकमेत वळती करावी. आणि घटस्फोटाला हात लावत नाही. तुम्हाला परत त्याची बायको व्हायचं नाहीये ना? समजा त्यानं दुसरं लग्न केलं असेल, तर घटस्फोटच रद्द मागणारा अर्ज बघून कोर्टाच्या कपाळावर आठ्या येतात, कारण त्यात आता दुसऱ्या एका बाईचा संसार गुंतला आहे. मागणी फक्त आर्थिक अटींपुरती ठेवा.

फसवणूक सिद्ध झाली नाही तरी तुमच्या स्वतःच्या पोटगीचा एक मार्ग उरतो, हिंदू विवाह कायद्याचं कलम २५. त्यात हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही कायमस्वरूपी पोटगी मागता येते, आणि परिस्थिती बदलली तर आदेश बदलूनही घेता येतो. ‘पण मी लिहून दिलंय ना की मागणार नाही?’ मुंबई उच्च न्यायालयानं २००४ च्या एका निकालात म्हटलंय की पोटगीचा हक्क सोडून देणारं असं कलम सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे आणि ते बायकोला कलम २५ खाली येण्यापासून अडवत नाही. तरी खोटी आशा लावत नाही. ज्या बाईनं काहीच घेतलं नव्हतं तिचं प्रकरण वेगळं आणि जिनं एकरकमी १२ लाख घेतले तिचं वेगळं. एकरकमी तडजोडीला कोर्टं सहजासहजी हात घालत नाहीत. तुम्हाला दाखवावं लागेल की काहीतरी खरोखर बदललंय: नोकरी गेली, आजार आला, तो पैसा भाड्यात आणि डिपॉझिटमध्ये संपला आणि त्याचा पगार मात्र दुप्पट झाला. ठाण्यात दोन खोल्यांचं भाडं काय आहे हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं, तरी भाडेकरार आणि पावत्या जोडा.

घोडबंदरच्या फ्लॅटबद्दल तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय, आणि माझ्या मते ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे: ‘हक्कसोडपत्राची नोंदणी अजून राहिली आहे, तो रोज फोन करतोय.’

थांबा. सही करायला जाऊ नका, पण फोनवर ‘करणार नाही’ असंही म्हणू नका. ‘वकिलाशी बोलून सांगते’ एवढंच. कारण असं आहे. नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार कोर्टाच्या हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही. पण तडजोडीत अशी स्थावर मिळकत आली जी मूळ प्रकरणाचा विषयच नव्हती, तर तिच्यापुरती नोंदणी लागते. तुमचा अर्ज घटस्फोटाचा होता. त्यात फ्लॅट प्रकरणाचा विषय म्हणून आला होता की फक्त टर्म्समध्ये उल्लेख झाला, हे बघावं लागेल. तोपर्यंत सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव आहे, इंडेक्स टूवर आहे, आणि तो फ्लॅट तुमच्या सहीशिवाय विकणं त्याला जड जाणार आहे. बोलणी करायला याहून चांगली जागा तुम्हाला मिळणार नाही. मात्र उगाच अडून बसलात तर तो दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावेल, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षं असतात, आणि कोर्ट तुमच्या वतीनं सही करायला माणूस नेमू शकतं. म्हणून अर्ज आधी दाखल करा, त्यात फ्लॅटपुरती स्थगिती मागा, मग बोला.

त्याच फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर आहे. टर्म्समध्ये ‘हप्ते पतीने भरावेत’ असं लिहिलं असेल, पण बँक त्या तडजोडीत पक्षकार नव्हती. त्यानं हप्ता चुकवला तर बँक तुम्हालाच फोन करणार आणि सिबिल तुमचंही पडणार. बँकेत जाऊन सहकर्जदार म्हणून तुमचं नाव कमी करण्याची लेखी मागणी द्या, पोच घ्या. त्याला एकट्याच्या पगारावर कर्ज पुढे चालवायचं असेल तर बँक त्याचे उत्पन्नाचे कागद मागेल. त्याचा पगार खरा किती, हे तिथेही बाहेर येतं.

दागिन्यांबद्दल एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी ऐरोलीच्या एक शिक्षिका आल्या होत्या. टर्म्समध्ये कलम नऊ: ‘अर्जदार क्रमांक दोन यांस त्यांचे सर्व स्त्रीधन मिळाले.’ प्रत्यक्षात दागिने बँकेच्या लॉकरमध्ये होते आणि ‘निकाल लागला की देतो’ असं तोंडी ठरलं होतं. निकालानंतर त्या लॉकर उघडायला गेल्या तर आत मुलाचा वाळा आणि रिकाम्या डब्या. कागदावर ‘मिळाले’, खाली त्यांची सही. मी म्हटलं, अवघड आहे. पण लॉकर कोण कधी उघडतं याची नोंद बँक ठेवते. कोर्टातून ती मागवली. सहीच्या आदल्या गुरुवारी नवरा एकटा येऊन गेला होता, अकरा वाजून काही मिनिटांनी, चौदा मिनिटं आत. त्याआधी तीन वर्षं कोणीच फिरकलं नव्हतं. आमच्याकडे लग्नातले फोटो होते, सोनाराच्या पावत्या होत्या, आणि ती एका ओळीची नोंद. निकालापर्यंत प्रकरण गेलंच नाही. समोरच्यांनी दोन तारखांनंतर बोलणी काढली आणि बहुतेक दागिने माझ्या ऑफिसात, टेबलावर, यादीवर टिक करत परत आले. पाटल्या मात्र मिळाल्या नाहीत, त्या मोडल्या होत्या. त्यांचे पैसे दिले. स्त्रीधन हे बाईचंच असतं, नवऱ्याकडे ते नुसतं सांभाळायला असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलंय. तुमचे दागिने खरोखर मिळाले असतील तर हा परिच्छेद विसरून जा.

हे वाचणाऱ्यांत पुरुषही असतील, मला तेही भेटतात. नोकरी गेलेल्या माणसाला मासिक पोटगी कमी करून मागायला तेच कलम २५(२) आहे, आणि माजी पत्नीनं पुन्हा लग्न केलं तर २५(३). एकरकमी दिलेले पैसे मात्र या कारणानं परत मिळत नाहीत. आणि कोर्टात न जाता स्वतःच्या मनानं पोटगी बंद करू नका. आदेश बदलेपर्यंत थकबाकी चढत राहते.

ज्यांच्या दोन तारखांमधला काळ अजून चालू आहे, म्हणजे म्युच्युअल दाखल झालाय पण हुकूमनामा झालेला नाही, त्यांच्यासाठी सगळं सोपं आहे. संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते आणि तोवर ती मागे घेता येते, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. तेव्हाच शपथपत्र मागा. मुलांचा खर्च वेगळ्या कलमात, दरवर्षी वाढीसह लिहून घ्या. आणि घर बायकोला द्यायचं ठरलं असेल तर बक्षीसपत्र हुकूमनाम्याच्या आधी करा. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. हुकूमनामा झाल्यावर ती बायको राहत नाही, मग बाजारभावानं शुल्काचा प्रश्न येतो. मी हे एकदा समोरच्या वकिलाला सांगितलं तेव्हा तारीख पुढे ढकलून दोघं थेट नोंदणी कार्यालयात गेले. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची इमारत असेल तर सिडकोच्या हस्तांतरण परवानगीचंही बघावं लागतं.

तुम्ही हिंदू विवाह कायद्याखाली आहात हे धरून मी लिहिलंय. विशेष विवाह कायद्याखाली लग्न असेल तर कलमांचे आकडे बदलतात, गाभा तोच, तिथे कलम २५ च्या जागी ३७. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांसाठी बरंच वेगळं आहे, पण मुलांच्या पोटगीचं जुनं १२५, म्हणजे आताचं १४४, सगळ्यांना आहे.

खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा आणि अर्ज द्या. पोटगी आणि वैवाहिक वादात महिलांना महाराष्ट्रात कोर्ट फीसुद्धा माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं.

या आठवड्यात एवढं करा. नक्कल विभागात अर्ज टाकून मूळ अर्ज, कन्सेंट टर्म्स, दोन्ही तारखांचे जबाब, रोजनामा आणि हुकूमनामा यांच्या प्रमाणित प्रती मागा. तुमच्याकडे असलेली झेरॉक्स चालणार नाही, आणि पानं सगळी आहेत का हे मोजून घ्या. खारघरचा इंडेक्स टू काढा. मुलीच्या शाळेच्या, व्हॅनच्या, क्लासच्या पावत्या एका फायलीत लावा, चष्म्याचं बिलसुद्धा. आणि टर्म्सच्या प्रत्येक पानाखाली सही तुमचीच आहे का, ते उजेडात नीट बघा. हसू नका, एकदा तिसऱ्या पानावर नव्हती.